बाबांचं दार

चिपळूणच्या आमच्या घराच्या दाराला जुनं मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत कोरून बसवलेलं कुलूप) होतं आणि त्याच्या किल्लीच्या भोकाभोवती एक पितळी चकती. २०२४ च्या मार्चमध्ये मी पुण्याहून घरी गेले, तेव्हा त्या चकतीवरचे ओरखडे पहिल्यांदा नीट पाहिले. शेकड्यांनी होते. काही काळपट पडलेले, काही ताजे, चकचकीत. बाबांचा उजवा हात थरथरतो.

बाबांना पार्किन्सन्सचं निदान झालं त्याला तेव्हा चार वर्षं होत आली होती. औषधं चालू होती, फिरणं चालू होतं, रोज सकाळी चिंचनाक्यापर्यंत जाऊन पेपर आणणंही चालू होतं. त्यांनी कसली तक्रार केली नव्हती. शेजारच्या काकूंनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगो, परवा तुझी आई बाजारात गेलेली. तुझे बाबा पडवीत वीस मिनिटं किल्ली लावत उभे. मी म्हटलं द्या हो इकडे, तर म्हणाले, लागतेच आहे आता."

ज्या माणसाने एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनांच्या टॅपेटची फट फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घेऊन लावली, त्याला स्वतःच्या दाराची किल्ली लागत नव्हती. मला ते ऐकवलं नाही. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, पुण्याच्या घरात दिवे, पंखे, पाण्याची टाकी सगळं होम असिस्टंट नावाच्या सॉफ्टवेअरवर जोडलेलं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत चिपळूणच्या दाराला मोटरचं लॉक बसवायचं, हे त्याच संध्याकाळी ठरवलं.

लॉक निवडताना एक गोष्ट नीट बघा. स्मार्ट लॉक म्हणून जे मिळतं, त्यातल्या पुष्कळ लॉकांत मोटर असते खरी, पण ती जीभ हलवत नाही. (लॉकमधून चौकटीत शिरणारा पोलादी दांडा म्हणजे जीभ. हा आमच्या सुतारकाकांचा शब्द.) ती इवलीशी मोटर फक्त आतला क्लच जोडते. पुढे हँडल दाबून जीभ मागे घ्यायचं काम आपल्याच मनगटाने करायचं असतं. धडधाकट माणसाला त्याने काही फरक पडत नाही. बाबांना पडतो. म्हणून मी जीभ स्वतः ओढणारं आणि स्वतः ढकलणारं लॉक घेतलं. त्याला सेलही जास्त लागतात, कारण खरं वजन मोटरच उचलते. दुकानात एकच प्रश्न विचारायचा: कोड दाबल्यावर हँडलला हात न लावता जीभ आत जाते का? उत्तर देताना माणूस अडखळला, तर त्याला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगायचं.

बसवायला सुतारकाका आले. दाराची जाडी ३८ मिलिमीटर, लॉकला ३५ ते ४५ चालत होती. दाराच्या कडेपासून ६० मिलिमीटरवर मध्य धरून ५४ मिलिमीटरचं मोठं भोक, आणि कडेतून त्याला जाऊन मिळणारं २५ मिलिमीटरचं आडवं भोक. जुनं मॉर्टिस काढून तिथे सागाचा तुकडा बसवला आणि त्याच्या वीतभर वर हे नवं लॉक. मोठं भोक पाडताना काकांनी एका बाजूने अर्ध्यापर्यंत जाऊन मग दुसऱ्या बाजूने पाडलं, त्यामुळे सागवान कुठेही तडकलं नाही. बाहेरचा भाग आणि आतला भाग जोडणारी एक चपटी वायर असते. ती स्क्रूखाली चेपू नये म्हणून मी ती बोटाने वर धरून ठेवली होती. दोन्ही भाग जोडणारे लांब स्क्रू हात आखडेपर्यंत पिळायचे नाहीत, हेही तेव्हाच कळलं. आम्ही आधी घट्ट पिळले आणि आतला खटका बोटाने फिरेना. अर्धा आटा सैल केला, तर लोण्यासारखा फिरला. सेल घालायच्या आधी हा खटका हाताने फिरवून बघायचाच. जे हाताला जड जातं ते मोटरला जाणारच.

त्या दिवशी काका एक वाक्य बोलले होते. "ताई, आधी दार बघूया का? वरची बिजागरी ढिली वाटते." मी म्हटलं, नंतर बघू. मेमधलं कोरडं दार होतं, अलगद लागत होतं. मला मोटर फिरलेली बघायची घाई होती.

बाबांसाठी उघडायचं कसं, यात आमचे दोन दिवस गेले. बोटाचा ठसा सगळ्यात सोपा वाटला होता. पण आयुष्यभर ग्रीस आणि डिझेलमध्ये राहिलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, त्यात हात थरथरणारा. दहातले सात वेळा लॉक नाही म्हणायचं, आणि प्रत्येक नकाराला बाबांचा हात जास्तच थरथरायचा. आकडे दाबून बघितले, एकाच्या जागी दोन दाबले जायचे. शेवटी किल्लीला लावतो तसला बिल्ला जमला. तो लॉकसमोर नुसता धरायचा, नेमकी जागा लागत नाही, हात हलला तरी चालतं. जानव्यासारखी एक दोरी करून आईने तो त्यांच्या गळ्यात घातला. पहिल्या दिवशी बाबांनी तो धरला, मोटर झर्र करून फिरली, टक झालं आणि दार मोकळं झालं. बाबा काही बोलले नाहीत. परत बाहेर गेले आणि परत उघडून आत आले. असं चार वेळा.

आतल्या बाजूला दाराजवळ भिंतीवर एक मोठं बटण लावलं, तळहाताने दाबता येईल असं. खटका हाताने फिरवायची सोय आहेच आणि ती असायलाच हवी, कारण आग लागली, सेल संपले, काहीही झालं तरी आतून बाहेर पडायला वीज लागता कामा नये. काम करायला येणाऱ्या मावशींना त्यांचा वेगळा आकडा दिला, सकाळी आठ ते अकरा एवढाच चालणारा. बोलून उघडण्याची सोय मात्र मी ठेवली नाही. खिडकीतून कोणी ओरडलं की दार उघडेल, अशी व्यवस्था दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात नको. पुण्यातून मी दार उघडू शकते, पण आईचा फोन आल्याशिवाय नाही. ही अट आईने घातली आणि ती बरोबर आहे. घर त्यांचं आहे.

मे गेला, जूनचा पहिला आठवडा गेला. मग पाऊस सुरू झाला.

पहिली अडचण आली ती दाराची नव्हती. लॉक अधूनमधून माझ्या फोनवरून नाहीसं व्हायचं. हे लॉक झिगबीवर चालतं, म्हणजे घरातल्या छोट्या उपकरणांनी एकमेकांना बिनतारी निरोप द्यायच्या पद्धतीवर. सेलवर चालणारी झिगबीची उपकरणं बहुतेक वेळ झोपलेली असतात. मधूनमधून जागी होऊन ती जवळच्या, विजेवर चालणाऱ्या उपकरणाकडे निरोप विचारतात. माझ्या मांडणीत ते उपकरण म्हणजे दिवाणखान्यातला एक स्मार्ट प्लग होता. दोन दिवस मी चॅनेल तपासत बसले. झिगबी आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. घरचं वायफाय ११ नंबरच्या चॅनेलवर होतं, झिगबीचं २५ नंबरचं चॅनेल त्याच्या पलीकडे पडतं, म्हणून तिकडे नेलं. चिपळूणच्या घरात हे सगळं चालवणारा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आहे. झिगबीचे निरोप पकडणारा डोंगल त्याच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टजवळ होता. यूएसबी ३ मधून याच पट्ट्यात गोंगाट होतो, म्हणून बाबांना फोनवर सांगून तो एक मीटरच्या वायरने लांब घेतला. दोन्हींनी सुधारणा झाली, पण रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास लॉक जायचंच.

कारण समजलं ते आईशी गप्पा मारताना. जेवण झाल्यावर आडवं होण्याआधी ती घरातली सगळी बटणं बंद करते. पावसात वीज कडाडते, म्हणून प्लगची तर आधी. पन्नास वर्षांची सवय. आपल्याकडे प्रत्येक प्लगला वर बटण असतं, आणि प्लग बंद झाला की लॉकचा निरोप्याच गेला. इलेक्ट्रिशियनकडून स्विचबोर्डाच्या आत निरोप्याचं तेच काम करणारं एक छोटं मॉड्यूल बसवून घेतलं, ज्याला बाहेरून बंद करायचं बटणच नाही. त्याला बोर्डात न्यूट्रल (विजेची परतीची वायर) लागतो, जुन्या घरांत तो कधीकधी नसतो, आमच्याकडे सुदैवाने होता. आईला सवय मोडायला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. विजा चमकताना प्लग काढणं हे शहाणपणाचंच आहे.

मग सेल. मी चार अल्कलाइन पेन्सिल सेल घालून दिले होते. जूनच्या शेवटी फोनवर ८० टक्के दाखवत असताना लॉकने मान टाकली. नंतर समजलं की रिमोटला सेल हवे होते म्हणून आईने लॉकमधले दोन काढून तिथे घड्याळाचे स्वस्तातले दोन घातले होते. घड्याळाला थेंब थेंब वीज लागते, मोटरला एकदम घोट. साधे झिंक-कार्बन सेल तो घोट देताना कोलमडतात. विसावलेले असताना मीटरवर व्होल्टेज चांगलं दिसतं, मोटर फिरली की खाली येतं. रिचार्जेबलही मी घालत नाही. ते १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे. चारांत मिळून एक व्होल्टपेक्षा जास्त कमी पडतो, आणि लॉकचा टक्क्यांचा आकडा तर खोटाच ठरतो. आता चार नवे अल्कलाइन सेल एकाच वेळी, एकाच पाकिटातले, एवढा नियम. रिमोटसाठी वेगळा डबा.

हे दोन्ही दुरुस्त झालं आणि तरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहाटे निरोप यायला लागले: लॉक अडकलं. पहाटे अडकायचं, दुपारी चालायचं. संध्याकाळी पाऊस झाला की परत अडकायचं. मी पुण्यात बसून नोंदी वाचत होते, लॉकचं सॉफ्टवेअर नवं करत होते. बाबांना पडवीत उभं राहावं लागतंय, हे मनातून जात नव्हतं. आई आत असायची म्हणून बरं.

अशात एका सकाळी बाबांचा फोन आला. पार्किन्सन्समुळे त्यांचा आवाज बारीक झालाय, शब्दांमध्ये वेळ जातो. पण त्या दिवशी ते अगदी वर्कशॉपमधल्यासारखे बोलले.

"हे बघ, मोटर दमतेय. मे महिन्यात झर्र व्हायचं आणि टक. आता झर्र लांबतं आणि शेवटाला सूर खाली बसतो. चढावर इंजिनाचा बसतो तसा. तुझ्या लॉकला काही झालेलं नाही. दार अडतंय."

"कशावरून, बाबा?"

"दार उघडं ठेवून फिरवलं मी. उघड्या दारात सूर बसत नाही."

मला दोन आठवड्यांत जे सुचलं नव्हतं ते त्यांनी नुसत्या कानाने शोधलं होतं. मोटरचं लॉक बिघडलं की पहिली तपासणी हीच: दार सताड उघडं ठेवायचं आणि लॉक चालवायचं. उघड्या दारात सुरळीत, बंद दारात अडखळत, असं असेल तर दोष लॉकमध्ये नाही, दार आणि चौकटीत आहे.

शनिवारी मी कुंभार्ली घाटातून खाली उतरले. सुतारकाकांना बोलावलं होतं. त्यांनी दाराकडे बघितलं आणि आईला म्हणाले, "वहिनी, कुंकू आहे का ओलं?" आईने करंड्यातलं कुंकू दोन थेंब पाण्यात कालवून दिलं. काकांनी जिभेच्या टोकाला आणि चारी कडांना ते बोटाने लावलं, दार बंद केलं, लॉक फिरवलं, उघडलं. चौकटीवरच्या स्टीलच्या पट्टीत जिभेसाठी जे भोक होतं, त्याच्या खालच्या ओठावर कुंकवाची लाल चंद्रकोर उमटली होती. वरच्या ओठावर काहीच नाही. खाचेच्या तळाशी एक लाल ठिपका. म्हणजे जीभ खालच्या बाजूला घासत होती आणि टोकाने तळाला टेकतही होती. तिचा फेरा २५ मिलिमीटरचा, आणि मेमध्ये आम्ही खाच नेमकी २५ चीच कोरली होती. हातभर लांबून सगळ्यांना दिसेल असं ते स्पष्ट होतं. माझ्या सगळ्या नोंदींनी जे सांगितलं नाही ते त्या लाल रेघेने सांगितलं.

मी दोन्ही स्थितीत मीटर लावून बघितला. विसावलेल्या सेलांचं व्होल्टेज ६.१. दार उघडं असताना मोटर फिरली की ५.६. दार बंद असताना ४.७.

दार खाली बसण्याचं मूळ जुनं आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत चढलं होतं. दार सागाचं म्हणून टिकलं, पण खालच्या अंगाला बारीकसा पीळ बसला. तेव्हापासून आम्ही सगळे दार लावताना खालच्या कोपऱ्याला पायाने हलकासा रेटा द्यायचो आणि मग किल्ली फिरवायचो. कोणी ठरवून करत नव्हतं. हात दाराला सांभाळून घेतो, खांदा लावतो, हँडल किंचित उचलून धरतो. मोटर यातलं काही करत नाही. ती सरळ रेषेत ढकलते, आणि दोन मिलिमीटरसुद्धा चुकलं की अडते. त्यात पाऊस. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं. मेमध्ये जी फट होती ती जुलैत नाहीशी झाली.

काकांनी बिजागऱ्या खोलल्या. खालच्या बिजागरीच्या पानामागून पुराचा वाळलेला गाळ निघाला, राखेसारखा करडा. तीन वर्षं तो तिथेच होता. आई तो हातात घेऊन थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिने तो तुळशीत टाकला.

वरच्या बिजागरीचे स्क्रू बोटाने फिरत होते, भोकं सैल झालेली. काकांनी त्यांत सागाच्या खुंट्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, आणि त्या सुकल्यावर नवे ५० मिलिमीटरचे स्क्रू बसवले. एवढ्यानेच दार चांगलं दीड मिलिमीटर वर उचललं गेलं. खाच पटाशीने तीन मिलिमीटर खोल केली, स्टीलच्या पट्टीचा खालचा ओठ कानशीने घासला. मी म्हटलं, कडेला रंधाही मारूया. काका म्हणाले, "पावसात जपून ताई. आत्ता हवं तेवढं काढलं तर डिसेंबरात फटीतून उंदीर येईल." फक्त जिथे घासल्याची खूण होती तिथेच एक मिलिमीटर काढलं, आणि उघड्या झालेल्या लाकडाला लगेच पॉलिश दिलं. दाराची खालची कड तर कधीच पॉलिश झालेली नव्हती, ती पाणी पीत होती. तिलाही दिलं.

त्यानंतर लॉकला सगळं नव्याने शिकवावं लागलं. बसवल्यावर हे लॉक जीभ एकदा पूर्ण बाहेर, एकदा पूर्ण आत नेऊन आपली दोन टोकं लक्षात ठेवतं. मधल्या अडकाअडकीत मी ती शिकवणी एकदा फुगलेल्या दारावरच करून टाकली होती, त्यामुळे लॉकने अर्ध्या वाटेलाच शेवट मानलं होतं. दार दुरुस्त झालं तरी जीभ अर्धीच बाहेर यायची. शिकवणी पुन्हा केली, आधी दार उघडं ठेवून, मग बंद करून. कुंकू पुन्हा लावून बघितलं. कुठेही डाग नाही.

एक प्रश्न लॉकचा नव्हता. बाबा रोज रात्री झोपताना दाराची वरची पितळी कडी लावायचे. आजोबांच्या वेळेची कडी. ती लागली की बाहेरून मोटर फिरली काय आणि न फिरली काय, कोणी आत येऊ शकणार नाही. रात्री बाबा पडले आणि आईला उठता आलं नाही तर? मी हे त्यांना सरळ सांगितलं, गोल गोल बोलून त्यांचा अपमान करायचा नव्हता. ते बराच वेळ गप्प राहिले. "कडीशिवाय झोप लागायची नाही," म्हणाले. शेवटी लॉक लागल्यावर आतल्या बटणाशेजारी एक हिरवा दिवा लागेल असं मी करून दिलं, त्यांच्या पलंगावरून दिसेल असा. महिनाभर ते दिवा बघूनही कडी लावत होते. गणपतीनंतर कधीतरी त्यांनी ती लावायचं सोडलं. आईने मला हे हळू आवाजात फोनवर सांगितलं, जणू मोठ्याने बोललं तर ते परत लावायला लागतील.

डिसेंबरात उलटा प्रकार झाला. दार आक्रसलं, कडेची फट वाढली, आणि दार बंद असूनही फोनवर उघडं दिसायला लागलं. दारावरचं चुंबक आणि चौकटीवरचा सेन्सर यांच्यातलं अंतर वाढलं होतं. दार उघडं आहे असं समजून लॉक आपोआप लागेना. तसं न लागणं बरोबरच आहे, नाहीतर उघड्या दारात बाहेर आलेली जीभ चौकटीवर आपटून सागवान फोडते. चुंबकाखाली प्लास्टिकची दोन मिलिमीटरची पट्टी घातली, मिटलं. आता मेच्या शेवटी आणि नोव्हेंबरात, असं वर्षातून दोनदा काका येऊन बिजागऱ्या बघून जातात. बाहेरच्या बाजूला लॉकच्या पोटाशी ९ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवायची जागा आहे. आतले सेल अचानक संपले तर त्यावर लॉक जागं होतं. तो सेल काकूंकडे ठेवलाय. नुसत्या सेलने दार उघडत नाही, बिल्ला लागतोच, त्यामुळे काळजी नाही. एक साधी किल्लीही त्यांच्याकडे आहे.

दर रविवारी सकाळी बाबांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार न करता ते फोन लॉकजवळ धरतात. हात थरथरत असतो, त्यामुळे फोन दारावर हलकासा टकटकतो. मग झर्र, आणि टक.

"ऐकलंस?"

"ऐकलं, बाबा. छान आहे."

"छान नाही. शेवटाला जरा बसतोय. सेल पाठव."